सुंदरीचं पाणी आम्ही तोडलं नाही

हो, आमच्या कुत्रीला आम्हीच मारलं.

डॉक्टरांना घरी बोलावून, इंजेक्शन देऊन. दिवसाढवळ्या, दार उघडं ठेवून.

आज सुंदरी गेली तो दिवस. दरवर्षी मी गप्प बसते. पण परवा निलंग्याच्या लग्नात, ऐन पंगतीत, माझ्या थोरल्या काकू शेजारच्या बाईला सांगत होत्या, "ह्यांनी दुष्काळात पाणी वाचवायला कुत्रं मारलं."

लग्नघर होतं म्हणून मी उठून भांडले नाही. इथे भांडते. काकू, तुम्हाला टॅग केलंय.

सुंदरी फक्त नावाची सुंदरी. एक कान मोडलेला, खालचे दात बाहेर, अस्सल गावठी. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) दुकानामागे पोत्यांत सापडली. आव्वाला, म्हणजे माझ्या आईला, घरात कुत्रं नकोच होतं. महिनाभरात आव्वाच तिला भाकरी दुधात कुस्करून भरवायला लागली. आम्हाला कधी भरवली नाही अशी!

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट.

अण्णा लातूरला अजून "नवा जिल्हा" म्हणतात. माझ्या जन्माआधी झालेला जिल्हा, पण त्यांचं कौतुक काही संपत नाही. नव्या जिल्ह्यात ऑफिसं आली, कॉलेजं आली. नळाला पाणी तेवढं नव्हतं. टँकर आला की गल्लीत घागरी, पाइप आणि शिव्या.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात सुंदरीच्या किडन्या गेल्या.

किडन्या गेलेलं कुत्रं पाणी पितं. लई पितं. भांडं भरून ठेवलं की रिकामं, आणि ही परत आमच्या तोंडाकडे बघत उभी. प्यायलेलं सगळं घरभर मुतायची. भांडी विसळलेलं पाणी जपून ठेवून आम्ही त्यानं फरशी पुसायचो.

शेख डॉक्टर घरी येऊन सलाईन लावायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, ही बरी होणार न्हाई. पण मागंल तितकं पाणी द्या. पाणी तोडू नका."

नाही तोडलं.

अण्णांनी आंघोळ सोडली. ओल्या पंच्यानं अंग पुसून दुकानात जायचे. आव्वानं तर तसंच अंग पुसून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा सुरू केली. आंघोळीशिवाय कधी लिंग हातात न घेतलेली बाई! मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "देवाला कळतंय. तू तिचं भांडं भर."

मग सुंदरी उठेना. तोंडात फोड आले. पाणी हवं असायचं, आणि प्यायलं की उलटून पडायचं. झोपेतही कण्हायची. तो आवाज मला अजून नको वाटतो.

डॉक्टर म्हणाले, "लई त्रास व्हायलाय तिला. तुमची तयारी असंल तर घरीच करू. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. तिला कळणार न्हाई."

अण्णा त्या दिवशीही दुकानात गेले. संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाले, "उद्या बोलाव त्यांना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मागोमाग काकूही आल्या.

"पाप हाय हे. जित्या जिवाला सुई टोचून मारतेत व्हय? त्यापरीस तिचं पाणी बंद करा. दोन दिवसांत आपोआप जाईल. पाप बी लागायचं न्हाई आन् पाणी बी वाचंल."

हे वाचलंत ना सगळ्यांनी?

पाणी वाचवायचं कोण म्हणालं होतं, काकू?

तहानेनं तडफडून मेली असती तर ते आपोआप. अण्णांच्या मांडीवर झोपून गेली तर ते पाप. हा हिशोब मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

तेवढ्यात आव्वा पूजेवरून उठून आली. तिच्या हातात तीर्थाची वाटी होती. आमच्यात लिंगावरचं पाणी तीर्थ म्हणून घेतात, त्यातला थेंबही खाली सांडू देत नाहीत. आव्वा फरशीवर बसली, ते तीर्थ तिनं तळहातावर घेतलं आणि सुंदरीच्या तोंडाशी धरलं.

काकू किंचाळल्याच. "अगं ए! लिंगाचं तीर्थ कुत्र्याला?"

आव्वानं वर बघितलंही नाही.

"हाव आक्का. तहान लागलीय तिला."

थोरल्या जावेसमोर आव्वा मोठ्यानं कधी बोललेली नाही. तेव्हाही ती हळूच बोलली.

सुंदरीनं तळहात चाटून कोरडा केला. डॉक्टर सिरिंज हातात धरून उभे होते. "पिऊ द्या," म्हणाले. "मला घाई न्हाई."

आव्वानं परत ओंजळ भरली.

मग पहिलं इंजेक्शन. तिचं कण्हणं थांबलं. किती दिवसांनी घर शांत झालं. अण्णा तिचा मोडका कान कुरवाळत होते. दुसरं इंजेक्शन झालं, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. माझे अण्णा लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. मीही रडले. त्यात लाज कसली?

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. सुंदरीला अण्णांनी शेताच्या बांधाला कुशीवर निजवलं, ती रोज निजायची तशी. कपाळाला विभूती लावली. त्यावरूनही लोक बोलले. बोलू देत.

पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा डॉक्टरांना घरी बोलावीन. तेव्हाही दार उघडंच ठेवीन. ज्यांना पाप मोजायचंय त्यांनी खुशाल उंबऱ्यात बसून मोजावं.

सुंदरे, त्या उन्हाळ्यात अख्खं लातूर तहानलेलं होतं.

तू पाणी पिऊन गेलीस.

सुखात राहा गं बाई. लई आठवण येते.