काखेत हात घालू नका

वैभवीला कुणी "दुखतं का?" विचारलं, की "नाही" हे उत्तर तयारच असायचं. स्नायू हळूहळू झिजवणारा तिचा आजार शाळेत असतानाच कळला होता. आता तिशी उलटली. पाय गेले, खांदे गेले. बसल्या जागी फोनवर ट्रॅव्हल्सचं बुकिंग घेण्यापुरती बोटं आणि आवाज उरला. "या आजारात दुखत नाही," असं एका डॉक्टरने फार पूर्वी सांगितलं होतं. आईने, मनकर्णाबाईंनी, तेवढंच वाक्य अंगाऱ्यासारखं जपलं. कंबरेत सतत ठणका असला, तरी वैभवी तो आधार कसा काढून घेणार?

त्या मे महिन्यातल्या दुपारी वडील मौद्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर होते. लेकीला पलंगावरून खुर्चीत घेताना कूलरच्या सांडलेल्या पाण्यावर मनकर्णाबाईंचा पाय घसरला आणि दोघी फरशीवर आदळल्या. वैभवीचा पाय अंगाखाली मुडपला. आईचं मनगट बघता बघता सुजलं.

"लागलं का वं तुले?"

"नाही." पण ओठ दातांखाली दाबलेला होता.

आईने दार उघडून हाक मारली. शेजारचे केशवभाऊ धावत आले आणि वाकून थेट वैभवीच्या काखेत हात घातले. खांद्यात काहीतरी सरकलं. अजून एक हिसका बसला असता, तर सांधा निखळलाच असता.

"एका झटक्यात उचलतो," ते म्हणाले.

"थांबा, काका. हात काढा. मले दुखून राहिलं."

मनकर्णाबाई जागच्या जागी थिजल्या. "कुठं?"

"सगळीकडं. आजचंच नाही, आई. लय वर्षांचं."

मग वैभवीनेच श्वास आवरत सांगायला सुरुवात केली. आधी पाय सरळ करा, हळू. आता खाली जाड चादर सरकवा. समोरच्या शोभाताईंना बोलवा, वरच्या मजल्यावरच्या दोघांना पण. केशवभाऊंसह चौघांनी चार टोकं धरून तिला उचललं. पाय हलला तशी ती मोठ्याने कण्हली. तसं कण्हणं आईने कधी ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात कळलं, वैभवीचं हाड मोडलं नव्हतं. आईच्या मनगटाला मात्र प्लास्टर बसलं. दोन दिवसांनी आई म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुझं तोंड पाहून."

पुढे औषधं सुरू झाली, कूस बदलून द्यायच्या वेळा ठरल्या. ठणका कमी झाला, थांबला नाही. आता एखाद्या सकाळी वैभवी म्हणते, "आज डाव्या खांद्याले हात नको लावू." मनकर्णाबाई पुटपुटतात, चिडतातही. पण हात मागे घेतात आणि उजव्या बाजूला येऊन उभ्या राहतात.