राहिलेली अर्धी प्रार्थना

सेसीताई गेली त्याला सहा आठवडे झाले. गेली तेव्हा तिच्याजवळ मी एकटाच होतो, आणि तेच मला स्वस्थ बसू देत नाही.

रेवदंड्याचं आमचं घर कॅथलिक. लग्नानंतर मी माणगावच्या प्रॉटेस्टंट मंडळीत गेलो आणि थोरल्या बहिणीशी माझं जे भांडण लागलं ते तीस वर्षं पुरलं. ती अंगणात बोंबील वाळत घालायची, मी बायबल घेऊन ओट्यावर बसायचो. "मरियेची प्रार्थना करा, असं एका ठिकाणी तरी लिहिलेलं दाखव," मी म्हणायचो. मान वर न करता ती विचारायची, "काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, ते कुनाच्या ध्यानात आलं? तिच्याच ना?" "आणि ती काय म्हणाली? माझा मुलगा सांगेल ते करा. मीही तेच सांगतोय!" मग ती ओला बोंबील माझ्यावर उगारायची. जेवायला वाढायची, पण त्या दिवशी लोणचं द्यायची नाही.

यंदा तिला श्वास पुरेना. तिची मुलगी रोझी मस्कतला, म्हणून मी रेवदंड्याला जाऊन राहिलो. नमो मरियाची प्रार्थना दोघांत वाटून म्हणतात, एकाने पहिला भाग, दुसऱ्याने उरलेला. दर मण्याला ही प्रार्थना, अशी सगळी जपमाळ ताईला एकटीला झेपेना, तेव्हा तिनेच तोडगा काढला. "पहिला भाग तू म्हन. देवदूताचा नमस्कार हाय तो, तुझ्या बायबलात हाय. तुला खुपतो तो दुसरा मी म्हनते." दुसऱ्यात मरियेला विनवणी असते, की आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी प्रार्थना कर. मी कबूल झालो. महिनाभर आम्ही तशी माळ म्हटली, आणि खरं सांगतो, मला ती वेळ आवडू लागली होती.

त्या दुपारी तिने माळेचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी पहिला भाग म्हटला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय हवंय ते मला कळलं होतं. एक वाक्य तर होतं... मी पुढचा मणी धरला आणि पुन्हा पहिलाच भाग म्हटला. तिसऱ्या मण्याला तिचा हात सैल पडला.

दुसऱ्या दिवशी रोझी आली. आल्या आल्या विचारलं, "मामा, शेवटी आईजवळ नमो मरिया म्हटली ना रे कुनी?"

"म्हटली," मी म्हणालो. ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि शांत झाली.

माझं मत बदललेलं नाही. त्या विनवणीला बायबलात आधार मला आजही सापडत नाही. तरी संध्याकाळी सात वाजता मी माणगावच्या घरात पहिला भाग म्हणतो, आणि दुसऱ्याला लागेल तेवढा वेळ गप्प बसतो. बायको विचारते, कोणाची वाट बघताय?

रोझी, तू हे वाचशील. मी अर्धीच म्हटली होती.