स्टिअरिंगची लाल चिंधी

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तसं बघितलं तर सांगायला फार काही नाहीच — एक शब्द आहे, तीन अक्षरांचा. तो मी एकदा बोललो, आणि मग त्याच्यावर पांघरूण घालत सात वर्षं काढली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. बघू.

जीपपासूनच सुरू करतो, कारण लोकही तिथूनच करतात. अर्धापुरात माझी जीप माहीत नसलेला माणूस विरळाच. शेवाळी रंग, रुंद टायर, पुढं मोठे गोल दिवे, वर खाकी कापडी हूड. लग्नात नवरदेव मिरवायला मागून नेतात. कॉलेजची पोरं तिला टेकून फोटो काढतात आणि विचारतात, "सर, कुठं केली?" मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून सर. मी म्हणतो, घरीच केली. आता हे खोटं आहे का? नाही. अंगणातच झाली ती. कुणी केली, तेवढं मात्र मी कधी सांगत नाही.

केली नागनाथकाकांनी.

माझे वडील — अण्णा — एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. ही जीप सव्वीस वर्षं त्यांच्या हातात होती. साहेबांना घेऊन कालव्याची कामं बघत भोकर, हदगाव, किनवट असं फिरायचे. जीप आजारी पडली की नागनाथकाकांकडं जायची. त्यांचं गॅरेज म्हणजे काय, चिंचेखाली चार पत्रे आणि एक खड्डा. पण अण्णांनी दुसऱ्या कुणाचा हात जीपला लागू दिला नाही. दोघांची दोस्ती अशी, की एकानं तंबाखू मळायला घेतली की दुसऱ्याचा तळवा आपोआप पुढं यायचा. पुढं खात्यानं जीप मोडीत काढली, कुणीतरी ती लिलावात नेली. अण्णा रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर मला ती तामसा रोडला एका केळीच्या बागेत दिसली. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी ती घरी ओढून आणली. अण्णा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि डाव्या मडगार्डवरच्या एका पोच्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्यो माझाच हाय."

आठ महिने काम चाललं. काका आपलं गॅरेज आवरून संध्याकाळी यायचे. सडलेला पत्रा कापायचे, नवा जोडायचे. इंजिन उतरवून त्यांनी अंगणात गोणपाटावर मांडलं होतं. मी पॉलिश पेपरनं घासायचो, प्रायमर मारायचो. रंग मी स्वतः कालवला, सतरा वेळा. अण्णा खुर्ची टाकून बसायचे आणि काही विचारलेलं नसताना सल्ले द्यायचे. काका चेष्टेनं त्यांनाच साहेब म्हणायचे — "साहेब, गप बसा जरा." माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढं गेल्यावर ते सांगायला मला तोंड राहणार नाही.

मग माझ्या डोक्यात रुंद टायरचं खूळ शिरलं. अण्णांना जीप होती तशी हवी होती. मला ती मिरवायची होती. काकांनी समजावलं, "दिगू, इतकी रुंद चाकं घातलीस तर स्टिअरिंगच्या दांड्यांवर ताण यील बग." मी ऐकलं नाही, टायर घेऊनच आलो. काकांनी जुन्या दांड्या काढल्या, कुठून तरी जाड दांड्या मिळवल्या आणि त्या बसवायला घेतल्या. तेवढंच काम उरलं होतं. आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. मिस्त्री लोक पाने, हातोड्या, पकडी धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. काका याबाबतीत फार कडक. नवमीच्या दुपारी ते आपली पेटी न्यायला आले, तेव्हा दांड्या लागलेल्या होत्या, पण नट नुसते बोटांनी फिरवून ठेवलेले होते. ते आवळायचे होते, आणि त्यांतून आडव्या पिना घालायच्या होत्या. पिन केवढी? खराट्याच्या काडीएवढी. पण नट सुटू नये म्हणून तीच असते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी काय राहिलंय ते विचारलंसुद्धा नाही.

काकांनी पेटी खांद्यावर घेतली, खिशातून एक लाल चिंधी काढली आणि स्टिअरिंगला गाठ मारली. काकूंच्या जुन्या लुगड्याची होती ती. अण्णा तेव्हा देवळात गेले होते; ते यायच्या आत मी रोजच्यासारखी जीपवर ताडपत्री ओढली. मिस्त्री लोकांची ही खूण आहे — स्टिअरिंगला चिंधी म्हणजे काम अर्धं, गाडी हलवायची नाही. काका हे तोंडानं कधी सांगायचे नाहीत. गरजच नव्हती. अण्णांनी तर सव्वीस वर्षं त्या चिंधीवर नोकरी केलेली. मलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

ठाऊक होतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुष्कळदा मी स्वतःला उलटं पटवून बघितलं आहे.

दसऱ्याला दुपारी सगळा गाव शिवेबाहेर आपट्याची पानं आणायला निघतो. जीप दसऱ्याला निघणार, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून बसलो होतो. आता माघार घेतली असती तर कुणी काय फाशी दिली असती का? चार जण हसले असते. तेवढंच. पण मला तेवढंसुद्धा नको होतं. अण्णा आत कपडे करत होते. मी ताडपत्री काढली, चिंधी सोडली आणि पँटच्या खिशात कोंबली.

अण्णा बाहेर आले — कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. बसण्याआधी त्यांनी स्टिअरिंगकडं बघितलं. ड्रायव्हरची सवय. मी त्यांना बघताना बघितलं. स्टिअरिंग मोकळं दिसलं, आणि ते लहान पोरासारखे टुणकन आत बसले.

गावातून गेलो. लोकांनी हात केले. अण्णांनी दोन्ही हातांनी नमस्कार केले. मग मी जीप भोकरच्या रस्त्याला काढली, जरा पळवून बघू म्हणून. दोन-तीन किलोमीटर गेलो असू. मोरीजवळ स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं. फिरवलं तर फिरत होतं, चाकं मात्र आपल्या मनानं चालली होती. जीप मोरीच्या कठड्याला घासून खाली गेली. मला खरचटलं. अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं.

नांदेडला दवाखान्यात नेलं. तासाभरात काका आले. दसऱ्याचं नवं धोतर, हातात आपट्याची पानं — दर वर्षी पहिलं सोनं ते अण्णांना द्यायचे. अण्णा वेदनेनं पिवळे पडले होते, पण शुद्धीवर होते. ड्रायव्हर माणूस, काय झालं ते त्यांना कळलेलं होतं.

"दांडी सुटली, नागनाथ. काम ऱ्हायलं व्हतं का?"

"नट आवळायचे व्हते, पिना घालायच्या व्हत्या," काका म्हणाले. "पर चिंधी बांधली व्हती की, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडं मान वळवली. "दिगू, व्हती का चिंधी?"

चिंधी माझ्या खिशात होती. मांडीला लागत होती. मी वडिलांच्या डोळ्यांत बघितलं, काकांच्या नाही, आणि म्हणालो —

"नव्हती."

काकांनी वाद घातला नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. चिंधीचं टोक खिशाबाहेर आलं होतं का? हे मला अजून कळत नाही, आणि सात वर्षांत शंभर वेळा मी ती पँट डोळ्यांपुढं आणली आहे. मग त्यांनी पानं अण्णांच्या उशाशी ठेवली, दाराशी काढलेल्या चपला घातल्या आणि गेले.

ते गेल्यावर अण्णांनी उशाशी ठेवलेली पानं हातानं बाजूला सारली. मग मला म्हणाले, "इसरला असता तरी चाललं असतं. खोटं कशाला बोलायचं माणसानं?"

मला म्हणाले. माझा हात हातात घेऊन.

तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं, अण्णा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते तेव्हा तर रोज आलं असतं. मी त्यांना न्हाऊ घालायचो, दाढी करायचो, लोक म्हणायचे मुलगा असावा तर असा. इकडं गावात बोभाटा झाला होता. नागनाथ मिस्त्रीनं पिना घातल्याच नाहीत आणि वर चिंधी बांधली म्हणून सांगतो. ज्याच्या चिंधीवर विश्वास नाही, त्याच्याकडं गाडी कोण टाकणार? वर्षभरात खड्डा बुजला. काका चिंचेखाली खिडक्यांच्या ग्रिला आणि फाटकं जोडायला लागले. जीप मी नांदेडच्या एका गॅरेजातून नीट करून आणली. रुंद टायर तसेच ठेवले.

अजून एक आहे. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

शेवटच्या महिन्यात अण्णा झोपेत काकांचं नाव घ्यायचे. एका सकाळी काका फाटकाशी आले. मी बाहेर गेलो. "साहेबाला बगून जातो," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, आत्ताच डोळा लागलाय. ते उन्हात थोडा वेळ थांबले, मग गेले. मी आत आलो तर अण्णा टक्क जागे. "कोण व्हतं रं?" मी म्हणालो, वर्गणीवाले. ते दोघं एका खोलीत बसले असते तर चिंधीचा विषय निघाला असता, मला त्याची भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. त्यानंतर नऊ दिवसांनी अण्णा गेले.

तेराव्याला काका आले. पंगतीला बसले नाहीत. अण्णांच्या फोटोला हात जोडले आणि परत निघाले, तशी अंगणात जीप दिसली. ते थांबले. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले, पुढच्या चाकामागं हात घातला आणि पिन चाचपली. वळसा घालून दुसऱ्या बाजूची चाचपली. दोन्ही जागेवर होत्या. हात धोतराला पुसून ते फाटकातून बाहेर पडले. त्या जीपमध्ये आता मीच बसणार होतो, हे त्यांना माहीत होतं.

काका अजून आहेत. कमरेत वाकलेत, डोळ्यांना वेल्डिंगचा त्रास आहे. रस्त्यात दिसले तर मी जीप दुसऱ्या गल्लीत घालतो. आमच्याकडं आता अर्धवट कामाला "नागनाथ मिस्त्रीचं काम" म्हणायची पद्धत पडली आहे. परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी शिपायाला तसं म्हणालं, सगळे हसले. मीही हसलो.

चिंधी माझ्या रंगांच्या डब्यात आहे, तळाशी.

होती, अण्णा. चिंधी होती. गाठ इतकी घट्ट होती, की मला ती दातांनी सोडवावी लागली.