आत्याचा रिकामा चौकोन

आत्या काय काम करते, असं कुणी विचारलं की आई म्हणते, "ट्रकांवर ओरडते." हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. इमारत बांधायला लागणारी वाळू, विटा, सळई, सिमेंट, फरशी कधी मागवायची, कुठे उतरवायची आणि कुणाच्या पायात येऊ द्यायची नाही, हे सगळं आत्या बघते. साइटवर तिला हवालदार म्हणतात. तोंडावर अर्थात ताई.

सुरुवातीला ती गेटवर साखळी धरायची. गाडी आली की साखळी खाली, गेली की वर. तिथे उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं की माणसं कामाने दमत नाहीत, हलवाहलवीने दमतात. सळई हवी म्हणून वाळू हलवा, वाळूला जागा हवी म्हणून विटा हलवा, संध्याकाळी विटा परत होत्या तिथे. एक दिवस ती ठेकेदाराला म्हणाली, "साहेब, आपण इमारत बांधतोय की सामानाला फिरायला नेतोय?" ठेकेदार आधी चिडला, मग हसला, आणि साखळी दुसऱ्याच्या हातात गेली.

तेव्हापासून प्रत्येक साइटवर आत्याचा एक चौकोन असतो. गेटच्या आत, डाव्या हाताला, एक ट्रक मावेल एवढा, चुन्याने आखलेला आणि पूर्ण रिकामा. त्यात गोणी नाही, फावडं नाही, कुणाची चप्पलसुद्धा नाही.

"ताई, इथे बाग करणार का?" गवंडी विचारतात.

"तुला पुरणार," आत्या सांगते.

अशा बाईचा पाय मोडला तो आमच्या बाथरूममध्ये. उघड्या जिन्यांवरून, हलत्या फळ्यांवरून वर्षानुवर्षं चाललेली बाई साबणावरून घसरली. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. आणि पाचव्या मजल्याचा स्लॅब तोंडावर आलेला.

ठेकेदार बघायला आला. हा माणूस प्रत्येक शब्द रबरासारखा ताणतो. "ताऽई, तुम्ही आराऽम करा. मी दुसराऽ माणूस बघतो. तेवढी स्टोअरची चाऽवी..."

चावी आत्याच्या उशीखाली होती. तिने उशीवर आणखी रेलून घेतलं. "स्लॅब मी इथून घालते. पंप मध्ये एकदा जरी थांबला, तर चावी तुमची. कायमची."

"वन्सं, पाय मोडलाय की डोकं?" आई दारातून म्हणाली.

"वहिनी, चहा टाक. साहेब निघालेत."

पंप थांबणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. काँक्रीट मिक्सरच्या गाड्यांतून येतं, पंप ते वर फेकतो. मध्ये खंड पडला की आधीचं काँक्रीट आवळतं आणि नवं त्याला धरत नाही. स्लॅबला कायमची फट राहते आणि खालच्या घरात पाणी गळत बसतं. साइटकडे जाणारी गल्ली एका गाडीएवढीच, शिवाय मध्ये काटकोनात वळण. म्हणून आत्या मिक्सर बाहेर चौकात उभे करते. रिकामा मिक्सर गल्लीतून बाहेर पडला की मगच पुढच्याला आत सोडते.

त्या दिवशी ती खिडकीजवळ बसली, पाय स्टुलावर, फोन स्पीकरवर. घरभर साइट घुसली. पंपवाला जन्मभर मशीनशेजारी उभा राहिल्यामुळे कानात कुजबुजायचं असलं तरी बोंबलतो.

"ताईऽ! पहिली रिकामी! चालली! गेली!"

"अरे, मला पायाला लागलंय, कानाला नाही. दुसरी सोडते."

असं छान चाललं होतं. आईने तर जाता येता विचारायलाही सुरुवात केली, "कितवी?" मग गेटवरच्या वॉचमनमामांचा फोन आला. मामा वाईट बातमी नेहमी चौकशीच्या सुरात सांगतात.

"ताई, बऱ्या आहात ना? पाय दुखत नाही ना? जेवण जातंय ना? ते एक फरशीचा ट्रक आलाय."

आत्याने डोळे मिटले.

"कुठे आहे?"

"गेटच्या तोंडाशी. त्याच्या मागे आपला मिक्सर अडकलाय. आता कुणालाच हलता येईना."

"मीच बोलावला होता त्याला," आत्या म्हणाली. "स्लॅब पुढे ढकलला आणि त्याला कळवायचं राहून गेलं. माझी चूक." एवढंच. कपाळावर हात नाही, हाय हाय नाही. भरलेला मिक्सर त्या वळणावरून उलटा काढायचा म्हणजे संध्याकाळ झाली असती. तिने लगेच सांगितलं, "ट्रक आत घ्या. माझ्या चौकोनात उभा करा, मिक्सर पुढे येऊ द्या."

 मामा म्हणाले, "ताई, चौकोनात थोडं सामान आहे."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे... प्लेटा आहेत सेंटरिंगच्या. आणि गोण्या. बांबू. आणि एक सोफा."

"सोफा?"

"साहेबांच्या ऑफिसातला जुना."

"कुणी ठेवलं हे?"

 फोनमध्ये कुणीतरी लांबून खाकरलं. खाकरणंसुद्धा रबरासारखं ताणलेलं होतं, मी हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. आत्याने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "साहेब तिथेच आहेत वाटतं. फोन द्या त्यांना."

"ताऽई, जागा नुसती वाऽया जात होती, म्हणून म्हटलं दोनच मिनिटं..."

"साहेब, ते नंतर. आधी चौकोन रिकामा करा."

"माणसं सगळी वर आहेत, स्लॅबवर."

"वरचा एकही माणूस खाली आणायचा नाही. खाली तुम्ही आहात, मामा आहेत, ट्रकवाला आहे, त्याचे हमाल आहेत. ट्रकवाल्याला फोन द्या." ट्रकवाला आधीच तापलेला होता. "बाई, मी प्लेटा उचलायला नाही आलो!"

"दादा, ट्रक बाहेर काढायचाय ना? मग प्लेटाच तुमचा रस्ता आहेत. उचला." आणि आईच्या फोनवरून पंपवाल्याला, "तुझ्या टाकीत जे आहे ते पुरवून वापर. धावू नकोस, पण थांबूही नकोस. टाकीचा तळ दिसायला लागला तर ओरड."

"मी ओरडतोच ताईऽ!"

पुढचा वेळ आम्ही तिघी नुसत्या ऐकत होतो. प्लेटा आपटत होत्या. मामा "सावकाश, सावकाश" म्हणत होते, म्हणजे स्वतः काहीच उचलत नव्हते. ट्रकवाला शिव्या देत होता, पण उचलत होता. आणि ठेकेदाराचा हेल कुठच्या कुठे पळाला होता. "धर! वळव! पाय! माझा पाय!" एकेक शब्द तुटून पडत होता.

"ताईऽ! तळ दिसला!" पंपवाला ओरडला.

आत्या फोनवर वाकली. "अजून हळू कर. एकेक घास. साहेब, काय राहिलंय?"

"सोफा!"

"लोटा त्याला! कुठेही!"

काहीतरी मोठं कोसळलं. ट्रकचं इंजिन गुरगुरलं, मामा पहिल्यांदाच जिवाच्या आकांताने "येऊ द्या, येऊ द्या" ओरडले, आणि मग तो आवाज आला, मिक्सर पंपात रिकामा होतानाचा. खळखळ, खडखड.

"ताईऽ! आलंऽ!"

 आत्या पाणी प्यायली. मग चौकातल्या पुढच्या मिक्सरला फोन लावला.

संध्याकाळी ठेकेदार आला तेव्हा त्याचा शर्ट सिमेंटचा झाला होता आणि तो कमरेत वाकून चालत होता. स्लॅब झाला होता. पंप थांबला नव्हता. हे तो बोलला नाही, पण खुर्चीत बसला त्यावरून कळलं.

"चौकोन पुसला गेलाय," तो म्हणाला. "परत आखायला हवा. चुना स्टोअरमध्ये आहे, म्हणून... चावी..."

"चावी मिळणार नाही," आत्या म्हणाली. "सकाळी गाडी पाठवा. मी येऊन चुना काढून देते."

"वन्सं!" आई किंचाळली.

"वहिनी, मी चालणार नाही गं. बसायला तिथे सोफा आहे."