थेंब घातलेल्या डोळ्यांसाठी भिंत

"हा वॉलपेपर काढून टाका. साधा क्रीम कलर लावू," डॉक्टर म्हणाले.

क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी वॉलपेपर लावून जेमतेम आठवडा झाला होता. तपासणीआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून वेटिंग रूममध्ये बसवलेल्या पेशंटांची तक्रार एकच, भिंत हलते.

माझं डोकं तापलं. शहागंजातल्या एका दुकानात वॉलपेपर चिकटवायची खळ ढवळण्यापासून मी सुरुवात केली. पुढं अकरा वर्षं एका आर्किटेक्टसाठी डिझाइन काढली. प्रत्येक भिंतीवर नाव त्याचं. इथं मात्र घासाघीस करून अट घातली होती, कोपऱ्यात माझं नाव राहील. माझ्या नावाची पहिली भिंत, आणि तीच उतरवायची?

"भिंत हलत नाही, डॉक्टरसाहेब. तुमचे थेंब हलवतात."

"मग थेंब घालणं बंद करू?"

डिझाइन कापसाच्या झाडाच्या काडीचं होतं. कन्नड तालुक्यातल्या आमच्या रानातली पऱ्हाटी आणून एका कॉलेजच्या लॅबमध्ये तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. रंग चढवल्यानं लाल दिसणाऱ्या छिद्रांचं कडं, त्याच्या आत कडं, आत पुन्हा कडं. बघता बघता मी कुठं उभा आहे तेच विसरलो. तीच जाळी बोटभर रिपीटमध्ये बसवली. रिपीट म्हणजे पुन्हा पुन्हा येऊन भिंत भरणारा नक्षीचा तुकडा. तो लहान ठेवला की जोड जुळवताना कागद वाया जात नाही. ही माझी हुशारी.

"मलाही थेंब घाला," मी म्हणालो.

सिस्टरनं घातले. "डोळे मिटून बसा." कुणी मिटत नव्हतं, मीही नाही. अर्ध्या तासानं ट्यूबलाइटला पिसं फुटली. छिद्रं एकमेकांत विरघळली आणि सगळी भिंत वळवळू लागली.

शेजारची म्हातारी म्हणाली, "लेकरा, तुलाबी दिसत्यात का मुंग्या?"

"व्हय आजी. लई दिसत्यात."

कोपऱ्यात माझं नाव शोधलं. दिसलंच नाही. त्याच्याशेजारी माझी खूण म्हणून छापलेला काडीचा एकच मोठा काप मात्र शांत होता, धुक्यातल्या चंद्रासारखा.

डॉक्टरांना म्हणालो, "नवी भिंत माझ्याकडून. नाव राहील."

"ते वाचणार कोण इथं?"

"राहील म्हणजे राहील."

यावेळी रिपीटच नाही. एकच काप, जमिनीपासून छतापर्यंत. कागद भरपूर वाया गेला. लावून झाल्यावर पुन्हा थेंब घालून बसलो. लाल कडी हळूहळू आत आत उतरत गेली. ती म्हातारी पुढच्या तपासणीला आली होती. बराच वेळ बघत राहिली.

"आता कसं वाटतं, आजी?"

"हिरीत वाकून बघितल्यावानी. गार."

भिंत आजही आहे. तेव्हापासून मी सँपल दाखवण्याआधी विचारतो, इथं कोण बसणार आणि कशा अवस्थेत.

मध्यंतरी तो आर्किटेक्ट तिथं डोळे तपासून गेला. भिंतीचं फार कौतुक केलं म्हणे, कुणाची आहे तेही विचारलं. नाव समोरच होतं. त्याच्याही डोळ्यांत थेंब होते.