वड फोकसमध्ये येईपर्यंत

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चिवडा संपत जातो आणि डब्याच्या तळाशी खारा चुरा उरतो, तसे ते उरतात. खरी चव त्या चुऱ्यालाच असते. आमच्या घरातला चुरा फोटोंचा आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही भिलाईला, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात. यांचे मित्र मेश्रामभाऊ रोलिंग मिलमध्ये, घर खुर्सीपारला. दोघांनी मिळून नागपूरच्या जुन्या मालाच्या दुकानातून एक लेन्स आणली होती. आमच्या लग्नाहून जुनी, रिंग हातानं फिरवून अंतर जुळवायची.

माझं मागणं एकच होतं. समोरचा वड दिवाळीनंतर रस्त्यासाठी तोडला जाणार होता. फांदी तोडून आणून पूजा करणं मला कधी पटलं नाही. म्हणून वडाचा एक नीट फोटो हवा होता, पाटावर मांडून पुजता येईल असा.

"साध्या फिल्मवर वड नुसता काळा गठ्ठा दिसते," हे म्हणाले. "इन्फ्रारेडवर पानं पांढरीशुभ्र येतात. परदेशातून दोन रोल येऊन राहिले. थांब जरा."

मी थांबले. व्रतं करणाऱ्या बाईला थांबायची सवय असतेच.

* * *

रोल येईपर्यंत दोघांनी पाण्याखालचे फोटो काढायचं ठरवलं. पत्र्याचा डबा, पुढे काच, आत कॅमेरा. एका सोमवारी उपास सोडायला डाळ लावली, तर कुकरची शिट्टीच होईना. झाकण उघडून पाहिलं, रबर गायब.

"अहो, रबर कुठं गेलं?"

"तलावात," हे म्हणाले. "एक थेंब आत नाही गेला, सांगतो."

डाळ पातेल्यात शिजवली. रात्रीचे नऊ वाजले.

* * *

पाणी आत गेलं नाही, पण फोटो सगळे धूसर. हे पडले ड्रॉइंग ऑफिसचे. टेपनं मासोळीपर्यंतचं अंतर मोजून रिंग बरोब्बर तिथे लावलेली. मेश्रामभाऊंना कारण दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसल्यावर कळलं. बादलीतला साबण दिसतो तिथे नसतोच!

"वहिनी, पाण्यात वस्तू जवळ दिसते," ते सांगायला आले. "लेन्सलेही तशीच दिसते. आमी खरं अंतर लावून राहिलो होतो."

"म्हणजे खरं बोललात म्हणून फसलात?"

"तुमच्या पोथीत लिहून ठेवा," ते म्हणाले.

* * *

रोल आले. ते थंड जागी ठेवायचे आणि मिट्ट काळोखात कॅमेऱ्यात भरायचे. मी स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. एका रविवारी दुपारी हे डबा घेऊन न्हाणीत शिरले. दाराला बाहेरून रजई लावून मेश्रामभाऊ पहाऱ्यावर.

आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग यांचा, अगदी शांत:

"हे ओलं काय आहे?"

"साबुदाणा," मी म्हटलं. "उद्या सोमवार आहे."

* * *

पहिल्या रोलवर वड पांढरा आला, पण कापूस पिंजल्यासारखा. या फिल्मसाठी डोळ्यांनी फोकस जुळवल्यावर रिंग थोडी सरकवावी लागते. नवीन लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते. आमची इतकी जुनी, की खूणच नाही.

"अंदाजानं खूण करून ठेवू," मेश्रामभाऊ म्हणाले. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "वहिनी, पिंपळ असता तं मी बुद्धविहारातले सगळे लोक घेऊन आडवा झालो असतो. वडाचं तुमचं तुमी पाहा."

"मीच पाहून राहिले," मी म्हटलं.

आता एकच रोल उरला होता.

* * *

दसरा झाला. दिवाळीआधीच्या रविवारी लख्ख ऊन होतं. मेश्रामभाऊंची ड्यूटी होती, म्हणून यांनी एकट्यानं वडाचे फोटो काढले. त्याच आठवड्यात रस्त्याचे लोक वडाच्या खोडावर तोडायच्या खुणेचा चुन्याचा पट्टा ओढून गेले.

फोटो धुऊन आले तेव्हा मेश्रामभाऊ भिंग घेऊन बसले. पानं चांदीची. बुंध्यावर जेठच्या अमावास्येला हिंदी बायांनी गुंडाळलेलं सूत आणि त्यावर पौर्णिमेचं आमचं, एकेक धागा वेगळा.

"सूत मोजून घ्या, वहिनी."

मी बोटानं एकेक धागा मोजू लागले.

"मेश्राम, तुझी लाल खूण एकदम बरोबर निघाली," हे म्हणाले.

"मी कुठं खूण केली? मले वेळच नाही भेटला."

दोघंही लेन्सकडे पाहू लागले. मग माझ्याकडे.

"खंडेनवमीला पूजेत ठेवली होती," मी म्हटलं. "कुंकू लावलं फक्त. काचेला हात नाही लावला."

हे खुर्चीत बसले. मेश्रामभाऊंनी लेन्स उचलली, कडेला धरून कुंकवाचा ठिपका निरखला, रिंगवरचे आकडे वाचले, पुन्हा भिंगातून फोटो पाहिला.

"वहिनी," ते म्हणाले, "हा ठिपका पुसल्या जाईन. तुमच्या पोरीची लाल नेलपॉलिश आणा."