नऊ खोट्या चिठ्ठ्या

आमच्या ऑफिसात इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायला यायचं काय, तर औषधांची माहितीपत्रकं, करारमदार, यंत्रं कशी चालवायची त्याची पुस्तकं, आणि चुकूनमाकून एखादी कादंबरी. सहा अनुवादक, एक मालक, मुद्रितं तपासायला मी आणि कोपऱ्यातल्या टेबलावर चिठ्ठीमास्तर. अनुवादकांचं घोडं अडायचं ते वाक्प्रचारापाशी. अडलं की तेवढी जागा कोरी सोडून पुढे जायचं आणि तो वाक्प्रचार चिठ्ठीवर लिहून मास्तरांकडे पाठवायचा, अशी आमची रीत. चहा निवायच्या आत चिठ्ठी परत, पाठीमागे बारीक अक्षरात उत्तर. सत्तावीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या कोऱ्या जागा भरत बसला.

भरायचाही असा की वाचणाऱ्याने मान डोलवावी. एका शहाण्याने पंप दुरुस्तीच्या पुस्तकात 'पीस ऑफ केक'चा सरळ केकचा तुकडा करून ठेवला होता. मास्तरांनी त्यावर काट मारून लिहिलं, 'हातचा मळ'. 'पुट अप विथ'च्या पाठी लिहिलं, 'चालवून घेणे. नातेवाईक असल्यास सोसणे'. म्हणायचे, "शब्दाची शेपटी धरून ओढू नका. बोलणारा कुठल्या तोंडाने बोलतोय ते बघा, आणि आपला माणूस तसं तोंड करून काय म्हणेल ते लिहा." नवीन माणसाला हे कळायला वर्ष लागायचं. काहींना कधीच कळलं नाही, ते अजून आमच्याकडेच आहेत.

प्रत्येक चिठ्ठीची नक्कल मास्तर कार्डावर उतरवायचे आणि बुटांच्या खोक्यांत लावून ठेवायचे. कार्डं चौदा हजारांवर गेली तेव्हा मालक म्हणाले, याचा कोश काढू. त्या दिवशी मास्तर डबा उघडायचा विसरले. त्याचं कारण घरात होतं. त्यांचा थोरला भाऊ सर्जन, धाकटा वकील, आणि हे चिठ्ठीमास्तर. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, माझ्यादेखत म्हणाल्या, "एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्यात, त्यातली स्वतःचं नाव असलेली एक दाखवा." बाई वाईट नव्हती, पण जावांमध्ये बसून तिने तरी किती गिळायचं. तेव्हा मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कोशाच्या मुखपृष्ठावर स्वतःचं नाव.

पहिली मुद्रितं माझ्या टेबलावर आली त्या दुपारी ते स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"ताई, यात नऊ खोट्या आहेत."

"काय खोट्या?"

"वाक्प्रचार. जगात कुठलाच इंग्रज ते बोलत नाही. मीच रचले, अर्थही मीच लावले. उद्या कुणी कोश चोरला तर चोर बिनडोकपणे हेही उचलणार. मग विचारायचं, बाबा रे, हा तुला कुठे भेटला? कोशवाले अशी मेख मारून ठेवतात." त्यांनी नऊच्या नऊ माझ्याकडून वहीत लिहून घेतल्या. "नाहीतर तुम्ही चुका म्हणून शोधत बसाल."

'सॉल्ट द स्टेअर्स', म्हणजे पायऱ्यांवर मीठ टाकणे: पाहुणा उठेना म्हणून यजमानाने मोठमोठ्याने जांभया देणे. 'लॅम्प आउट': ऐन भांडणात दिवा घालवून झोपी जाणे. मी म्हटलं, हे तर माझा नवरा रोज करतो. मास्तर पोट धरून हसले. सत्तावीस वर्षांत त्यांनी केलेला एवढाच काय तो वांडपणा, आणि तो त्यांनी एकट्या मला सांगितला.

चार महिन्यांनी मुखपृष्ठाचा नमुना फळ्यावर लागला. संपादक म्हणून मालकांच्या भाच्याचं नाव, हे मोठ्या अक्षरांत. हा भाचा दोन वर्षं परदेशी राहून आला होता आणि तेवढीच त्याची पात्रता. आतल्या पानावर एक ओळ होती, 'कार्यालयातील जुन्या नोंदींच्या आधारे'. मास्तर म्हणजे जुनी नोंद. आणि खोकी? टाइप करून झाल्यावर केव्हाच रद्दीत गेली होती. मालकांचं म्हणणं, कार्ड ऑफिसचं, शाई ऑफिसची, वेळ ऑफिसचा. मास्तर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता कोसळतात. पण ते वळून माझ्याकडे बघून हसले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "होऊ दे समारंभ. भरल्या सभेत विचारतो त्याला."

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं.

"बाई, मास्तर एवढे गप्प कसे? आणि वर हसतायत. तुमच्याशी बोलतात ते."

आतली पानं अजून छापायला जायची होती. मी म्हटलं, "आतल्या पानावर 'संपादन साहाय्य' म्हणून कुणाचं नाव जाणार आहे का?" मालक हुशार माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाव पूर्ण कसं लिहायचं?"

आता मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. एकोणीस वर्षं मी लोकांच्या पुस्तकांतले काने-मात्रे सरळ केले, माझं नाव कुठे उंदरानेसुद्धा वाचलं नाही. मास्तरांना जे हवं होतं तेच मलाही हवं होतं, एवढंच. मी वही काढली आणि नऊच्या नऊ वाचून दाखवल्या. त्या काढल्यावर पानं हलू नयेत म्हणून त्या नऊ जागा मीच भरल्या, खऱ्या वाक्प्रचारांनी. मास्तरांच्या शिकवणीने भरल्या, चांगल्या जमल्या. त्या रात्री मला झोपही लागली.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत वहिनी ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या, सोबत सर्जन आणि वकील, दोघे सहकुटुंब. मास्तरांनीच आग्रह करकरून आणलं होतं सगळ्यांना. भाचा बोलायला उठला. एकेक वाक्प्रचार आपण पाच वर्षं वाचून कसा टिपला, हे त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. टाळ्या थांबल्यावर मास्तर उभे राहिले.

"एक शंका आहे. 'सॉल्ट द स्टेअर्स' हा वाक्प्रचार आपण कुठल्या पुस्तकात वाचलात?"

भाच्याने मामांकडे पाहिलं, मामांनी मान हलवली. "असा वाक्प्रचार इंग्रजीत नाहीच, मास्तर. आमच्या कोशातही नाही."

मास्तर ऐटीत व्यासपीठावर चढले. कोश घेतला, पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला. मग दुसरं पान. 'लॅम्प आउट' नव्हतं. तिसरं नव्हतं. माईक चालू होता, त्यांचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू येत होतं, "इथेच होतं, इथेच होतं." पाचव्या पानापाशी मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. सातव्यापर्यंत सगळं सभागृह हसत होतं. मास्तरांनी नऊच्या नऊ जागा बघितल्या, एक सोडली नाही. मालक गोड आवाजात म्हणाले, "वय झालं की होतं असं. कुणी मास्तरांना खाली घेऊन या." वकील भावाने दंडाला धरून उतरवलं. वहिनी हसत नव्हत्या. त्या मान खाली घालून पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "ते म्हणतात नऊ खोट्या चिठ्ठ्या होत्या, तुम्हाला माहीत आहे. रात्रंदिवस तेच चाललंय. भावोजी म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. ऑफिसात असं काही जाणवलं होतं का तुम्हाला?"

हो म्हणायला मला एक क्षण लागला. एकच.

"अलीकडे थोडं जाणवत होतं, वहिनी."

"बरं झालं सांगितलंत" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मास्तर राजीनामा द्यायला आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एकाआड एक लावलेली. माझ्या टेबलापाशी आले, पण या वेळी स्टूल ओढलं नाही.

"ताई, मी तुमच्याकडून त्या नऊ लिहून घेतल्या होत्या ना? वहीत?"

वही माझ्या खणात होती, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

"नाही हो, मास्तर. कधी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. सत्तावीस वर्षं माणूस कुठल्या तोंडाने बोलतोय ते ओळखून पोट भरलेला माणूस तो. मला वाटलं, संपलं, आता धरतो मला. पण त्यांची नजर निवली.

"तुम्ही कशाला खोटं बोलाल. म्हणजे माझंच चुकलं." ते थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाकीच्या तरी मीच लिहिल्या होत्या ना, ताई?"

"बऱ्याचशा," मी म्हटलं, आणि पुढचं मुद्रित ओढून घेतलं.